प्रतिपक्षाविना वकिली

दुसऱ्याच्या वतीने बोलण्यासाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकाला स्वतःचा नैतिक रंग आहे. ‘शिष्टाई’ म्हटले की भरलेली सभा डोळ्यांसमोर येते. ‘रदबदली’ म्हटले की चुकलेल्या माणसासाठी कोणी वडीलधारा धन्याकडे गेला आहे असे वाटते. ‘शब्द टाकणे’ यात स्नेहाचा ओलावा आहे. ‘वशिला’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘साधन’ एवढाच असूनही त्याला अन्यायाचा वास येतो. आज मोठ्या उद्योगसंस्थांत, उत्पादकांच्या संघांत, इतकेच नव्हे तर स्वयंसेवी संस्थांतही शासनाच्या धोरणावर लक्ष ठेवणारा एक स्वतंत्र विभाग असतो. ‘लॉबिंग’, ‘पब्लिक अफेअर्स’ ही त्याची रूढ नावे. कायद्याचा अथवा नियमाचा मसुदा आकार घेत असताना तो आपल्या संस्थेला अनुकूल व्हावा म्हणून मंत्री, सचिव, खासदार आणि वृत्तपत्रे यांच्याशी संवाद ठेवणे हे त्याचे काम. या कामाला वरील शब्दांपैकी कोणता शब्द लावावा, याचे उत्तर देऊ गेल्यास आपण एका नैतिक प्रश्नापाशी येऊन पोहोचतो.

या व्यवसायाकडे केवळ तुच्छतेने पाहणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. राज्यकर्त्याला सर्व काही ठाऊक नसते. ज्याच्या जगण्यावर नियमाचा परिणाम होणार आहे त्याने तो सांगावा, हे लोकशाहीला अभिप्रेतच आहे. भाषणाचे आणि संघटनेचे स्वातंत्र्य आपल्या संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकांना दिले आहे. इतिहासही हेच सांगतो. दादाभाई नौरोजींनी १८६६ साली लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनची स्थापना केली, ती भारताची बाजू ब्रिटिश संसदसदस्यांच्या कानी घालण्यासाठीच. १८८९ साली काँग्रेसची ब्रिटिश समिती लंडनमध्ये स्थापन झाली, तिचाही हेतू हाच होता. आजच्या परिभाषेत या साऱ्याला लॉबिंगच म्हणावे लागेल आणि त्याबद्दल कोणा भारतीयाला संकोच वाटण्याचे कारण नाही.

पण त्याच काळातील पुण्याच्या सार्वजनिक सभेचे उदाहरण अधिक बोलके आहे. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दलच्या असंतोषातून गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने १८७० साली ही सभा स्थापन झाली. लोकांच्या वतीने सरकारकडे अर्ज करणाऱ्याला सरकार पहिला प्रश्न विचारणार तो असा, की तुम्ही कोणाच्या वतीने बोलता? सभेने त्याचे उत्तर आधीच तयार ठेवले. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम तिने केला. सुमारे सहा हजार लोकांनी दिलेल्या अशा अधिकारपत्रांवर पंच्याण्णव प्रतिनिधी उभे राहिले. मताधिकार नसलेल्या समाजाने प्रतिनिधित्वाची ही अट स्वतःवर स्वेच्छेने घालून घेतली होती. त्या मुखत्यारपत्रात एक नैतिक सूत्र दडलेले आहे: दुसऱ्याचा आवाज होऊ पाहणाऱ्याने त्याची संमती दाखवली पाहिजे.

आजचा व्यावसायिक आपल्या समर्थनार्थ सहसा वकिलाचा दाखला देतो. तो म्हणतो, ‘वकील आपल्या अशिलाची बाजू मांडतो, तसे मी माझ्या संस्थेची मांडतो. न्याय काय तो दुसऱ्याने ठरवावा.’ युक्तिवाद देखणा आहे. त्याचा पायाच मात्र तपासून पाहिला पाहिजे. वकिलाच्या एकांगीपणाला समाजाने अभय दिले आहे, ते काही विशिष्ट व्यवस्थेच्या भरवशावर. समोर प्रतिपक्षाचा वकील असतो, प्रत्येक कागद त्याला दाखवावा लागतो, साक्षीदाराची उलटतपासणी होते, निकालाची कारणे लिहावी लागतात. मंत्र्याच्या दालनात यांपैकी काय असते? तेथे वकील आहे, न्यायाधीशही एका अर्थाने आहे. प्रतिपक्षाची खुर्ची मात्र रिकामी आहे, आणि पुष्कळदा अशी खुर्ची तेथे असायला हवी होती, याचीही कोणाला आठवण नाही. म्हणून वकिलाला मिळालेले अभय या व्यवसायाला उसने घेता येणार नाही. जेथे दुसरी बाजू मांडणारा कोणी नाही, तेथे बोलणाऱ्यावरील सत्याची जबाबदारी कमी न होता वाढते.

हे मी लिहितो, तेव्हा मला माझाच एक अनुभव आठवतो. अनेक वर्षांपूर्वी पदवी वर्गासाठी गद्यवेचे निवडणाऱ्या एका समितीवर मी होतो. एका संध्याकाळी एका प्रकाशनसंस्थेचे प्रतिनिधी घरी आले. गृहस्थ सुसंस्कृत, वाचनही चांगले. त्यांनी कसलीही भेट आणली नव्हती, कसले आमिषही दाखवले नाही. तासभर कादंबरीवर बोलले आणि जाताना आपल्या एका संग्रहाची प्रत ठेवून गेले. संग्रह खरोखरच चांगला होता. बैठकीत मी त्याची शिफारस केली, ती मान्य झाली. मनाला काहीही टोचले नाही. पुढे काही महिन्यांनी एका तालुक्याच्या गावातील छोट्या प्रकाशकाने काढलेला तसाच एक संग्रह माझ्या हाती आला. तो अधिक चांगला होता. नियमाप्रमाणे त्याचीही प्रत समितीकडे आली होती. कपाटातील गठ्ठ्यात ती तशीच राहिली होती. त्या प्रकाशकापाशी माझ्या घरी पाठवायला माणूस नव्हता. या प्रकरणात खोटे कोणी बोलले नाही, लाच कोणी दिली नाही, घेतली नाही. तरी अन्याय झाला, आणि तो माझ्या हातून झाला. जो माझ्या दिवाणखान्यात आला त्याला मी ऐकले. जो आला नाही त्याला शोधणे हे माझे काम होते, हे मला उशिरा उमगले.

माझ्या हातून घडले ते एका पाठ्यपुस्तकापुरते होते. याच रिकाम्या खुर्चीचा परिणाम माणसांच्या आयुष्यावर होतो तेव्हा काय घडते, हे तंबाखूच्या इतिहासात दिसते. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील प्रमुख सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत एक निवेदन प्रसिद्ध करून लोकांचे आरोग्य ही आपली सर्वांत मोठी जबाबदारी असल्याचे जाहीर केले. १९९४ च्या एप्रिलमध्ये सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे शपथेवर सांगितले, की निकोटीनचे व्यसन जडते असे आपल्याला वाटत नाही. या कंपन्यांनी दशकानुदशके जनतेची फसवणूक केली, असा निर्णय तेथील संघीय न्यायालयाने २००६ साली दिला. या घटनाक्रमातून एक अप्रिय गोष्ट कळते. ते निवेदन उघड होते, त्याखाली नावे होती. केवळ उघडपणा पुरेसा ठरत नाही; ज्याला आपण अपाय करतो आहोत, त्याच्यापासून ठाऊक असलेली गोष्ट लपवली, तर भर चौकातले बोलणेही कानगोष्टच होते.

आपल्याकडेही याचा पडसाद उमटला. तंबाखूजन्य पदार्थांच्या वेष्टनाचा पंच्याऐंशी टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापावा, अशी अधिसूचना ऑक्टोबर २०१४ मध्ये निघाली. ती १ एप्रिल २०१५ पासून अमलात यायची होती. एका संसदीय समितीने ती लांबणीवर टाकण्याची शिफारस केली, आणि त्या समितीत विडी उद्योगाशी संबंधित सदस्यही आहे यावरून वाद झाला. अखेरीस इशारे अमलात आले ते १ एप्रिल २०१६ पासून. या काळात उद्योगाच्या बाजूने विडी वळणाऱ्या लक्षावधी स्त्रियांच्या उपजीविकेचा मुद्दा पुनःपुन्हा मांडला गेला. मुद्दा खरा होता. निपाणी, सिन्नर, सोलापूर येथील त्या स्त्रियांचे पोट त्या कामावर आहे, हे कोण नाकारील? पण त्यांच्या नावाने बोलणाऱ्यांपाशी त्यांचे मुखत्यारपत्र होते का? मजुरीच्या दराचा प्रश्न निघतो तेव्हा याच स्त्रिया मालकांच्या समोरच्या बाजूला उभ्या असतात. दुर्बलाच्या दुःखाचा असा उसना उपयोग करणे, हा मला या व्यवसायाचा सर्वांत गंभीर दोष वाटतो.

कायद्याने यावर काही उपाय शोधले आहेत. अमेरिकेत १९४६ साली आणि अधिक काटेकोरपणे १९९५ साली, तर ब्रिटनमध्ये २०१४ साली, अशा व्यावसायिकांच्या नोंदणीचे कायदे झाले. कोणाच्या वतीने बोलता, हे त्यांना लिहून द्यावे लागते. म्हणजे मुखत्यारपत्राचीच ही दूरची भावंडे. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. मात्र विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, असे धोरण केंद्र शासनाने २०१४ साली स्वीकारले. त्याचे पालन सर्वत्र होत नाही, तरी त्यामागील जाणीव मोलाची आहे. जो दालनापर्यंत पोहोचू शकत नाही, त्याच्यापर्यंत मसुद्यानेच जावे, असे ते धोरण सांगते.

महाभारताच्या उद्योगपर्वात एकाच दूताच्या दोन शिष्टाया आहेत. कृष्ण कौरवसभेत बोलतो, तेव्हा तो पांडवांचा दूत म्हणून बोलतो. धृतराष्ट्र, भीष्म, विदुर सारे ऐकत असतात आणि दुर्योधनाला उत्तर देण्याची मुभा असते. ती शिष्टाई निष्फळ होते. परतताना तोच कृष्ण कर्णाला रथात घेतो, त्याचे जन्मरहस्य त्याला सांगतो आणि राज्य देऊ करतो. रथातील एकही शब्द असत्य नाही. तरीही कर्ण नकार देतो. ज्या दुर्योधनाच्या मीठभाकरीवर तो जगला, तो त्या रथात उपस्थित नाही. त्याच्या पाठीमागे असा निर्णय घेणे कर्णाला मान्य नाही. कर्णाचा पक्ष चुकीचा होता, हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते, की अनुपस्थिताचे स्मरण त्याने ठेवले.

अधिकाराच्या खुर्चीवर बसणाऱ्याकडून, मग ती मंत्र्याची असो वा माझ्यासारख्या एखाद्या समितीसदस्याची, एवढी अपेक्षा करता येईल. समोर बसलेला गोड बोलतो, खरेही बोलतो, त्याला अवश्य ऐकावे. तो कोणाचा आहे हे विचारावे. आणि तो उठून गेल्यावर, निर्णय लिहिण्यापूर्वी, कपाटातील न उघडलेला गठ्ठा एकदा खाली काढावा. मी तो त्या वेळी काढला नाही. त्या छोट्या प्रकाशकाचा संग्रह आज माझ्या टेबलावर आहे. त्यातील वेचे वाचायला हवे होते ते विद्यार्थी केव्हाच पदवी घेऊन निघून गेले आहेत.