राखीव जागेपाशी आपली नजर

जिल्हा रुग्णालय असो, तहसील कचेरी असो की बँक, दाराजवळ निळ्या पाटीची एक जागा दिव्यांगांच्या वाहनासाठी सोडलेली असते. ती दाराजवळ का, आणि इतर जागांपेक्षा रुंद का, याचा विचार आपण सहसा करत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार ही जागा प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावी आणि तिची रुंदी किमान ३.६ मीटर असावी. गाडीचं दार पूर्ण उघडावं, शेजारी चाकांची खुर्ची लागावी आणि माणसाला तिच्यात सरकून बसता यावं, यासाठी ही रुंदी ठेवलेली आहे. मागे जादा चाकं जोडलेली स्कूटर वळवून लावायलाही एवढी मोकळीक लागते. त्यामुळे तिथे कोपऱ्यात एकच मोटारसायकल उभी केली, तरी सगळी जागा वाया जाते. रॅम्पच्या तोंडाशी लावलेली दुचाकीही तेच करते.

असं करणारा माणूस दुष्ट असतो असं नाही. ‘पाचच मिनिटांत येतो’ असं म्हणून तो आत जातो. पण ज्याला तीस मीटर चालणंसुद्धा अवघड आहे, तो नेमका त्या पाच मिनिटांत आला, तर त्याला गाडी दूर लावून, धापा टाकत, भिंतीचा आधार घेत यावं लागतं; किंवा काम तसंच टाकून परत जावं लागतं. रेल्वेतल्या दिव्यांग डब्याचं हेच होतं. सेवाग्राम किंवा वर्धा स्थानकात गाडी थांबते, गर्दी असते, आणि समोर आलेल्या त्या छोट्या डब्यात चालते-फिरते लोक आधी चढतात. रेल्वे कायद्याच्या कलम १५५ नुसार राखीव डब्यात असं शिरणं हा गुन्हा आहे. पण प्रत्येक डब्यापाशी पोलीस उभा राहू शकत नाही. अशी जागा शेवटी आपल्या मनाच्या धाकानेच राखली जाते.

ही झाली एक बाजू. आज सकाळी दुसऱ्या बाजूचाही विचार करू, कारण तिथे चूक करणारी माणसं बहुधा भल्या मनाची असतात.

निळ्या पाटीवरचं चाकांच्या खुर्चीचं चिन्ह १९६८ मध्ये सुसान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने रेखाटलं. जगभर ते पोहोचलं आणि त्याने फार मोठं काम केलं. पण त्या चित्रामुळे आपल्या नजरेला एक सवयही लागली. राखीव जागेवर आपण खुर्ची शोधतो, कुबडी शोधतो, पांढरी काठी शोधतो. ती दिसली नाही की समोरचा माणूस आपल्याला घुसखोर वाटतो.

आर्वीहून वर्ध्याला येणाऱ्या एसटीत दिव्यांगांच्या राखीव बाकावर अठरा-वीस वर्षांचा मुलगा बसला आहे, असं समजा. हातपाय धड, अंगावर स्वच्छ शर्ट, पाठीला बॅग. बस भरते आणि कोणीतरी म्हणतं, ‘ऊठ बाबू, चांगला धडधाकट तर दिसून राह्यला, म्हाताऱ्या माणसाले बसू दे.’ बोलणाऱ्याच्या मनात म्हाताऱ्याबद्दल कळवळा आहे, यात शंका नाही. पण तो मुलगा सिकलसेलचा रुग्ण असू शकतो.

विदर्भात हा आजार घरोघरी ठाऊक आहे, वर्धा जिल्ह्यातही आहे. आईवडिलांकडून मुलांकडे तो रक्तातून येतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलमधली पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि दहा-वीस दिवसांतच फुटते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांत, सांध्यांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. थंडी, ताप, दमणूक आणि अंगातलं पाणी कमी होणं ही त्या कळांची नेहमीची कारणं आहेत. वर्ध्याचा मे महिना आठवा, पारा पंचेचाळीसच्या आसपास. त्या उन्हात गच्च भरलेल्या गाडीत तासभर उभं राहणं आपल्यासाठी त्रासाचं असतं, त्या मुलासाठी ते रुग्णालयात भरती होण्याचं कारण ठरू शकतं. काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तरुण वयातच उभं राहणं दुखरं होतं. यातलं काहीही चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

कायद्याने हे ओळखलं आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया त्यात आले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, पार्किन्सन हेही आले. मानसिक आजार आणि कमी ऐकू येणं हे तर आधीपासूनच होते. यातले कितीतरी त्रास रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसणार नाहीत. त्या मुलाने दहा अनोळखी माणसांसमोर आपल्या रक्ताचा इतिहास सांगावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या अधिकाराने करतो? पुष्कळ जण काही न बोलता उठतात आणि दुखणं सोसत उभे राहतात. काही जण पुढच्या वेळी राखीव बाकाकडे बघतही नाहीत. त्यांची जागा आपण गाडी लावून अडवलेली नसते; शंकेने अडवलेली असते.

शरीर पाहून माणसाचा निवाडा करण्याची चूक वर्ध्याच्या मातीला नवी नाही, आणि ती सुधारण्याचा मार्गही याच मातीने दाखवला आहे. कुष्ठरोग्यांच्या बाबतीत समाजाने उलट्या बाजूने तीच चूक केली. बोटं झडलेली दिसली, चट्टे दिसले आणि माणूस गावाबाहेर गेला. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ राहायला जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली. पुढे १९५१ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचे कार्यकर्ते गावोगाव, घरोघर फिरले. ते चट्ट्याला स्पर्श कळतो की नाही हे तपासत आणि व्यंग येण्याआधीच उपचार सुरू करत. बधिरपणा डोळ्यांना दिसत नाही, तो विचारूनच कळतो, हे त्यांच्या कामाचं मूळ होतं. २०१६ च्या कायद्यानेही कुष्ठरोगमुक्त व्यक्तीची व्याख्या करताना, हातापायाची संवेदना गेली आहे पण डोळ्यांना दिसणारं व्यंग नाही, अशा माणसाला स्पष्ट जागा दिली आहे. चुलीवरचं गरम भांडं उचलताना ज्या हाताला चटका कळत नाही, तो हात आपल्याला अगदी चांगला दिसतो.

मग खोटेपणा करणाऱ्यांचं काय, हा प्रश्न खरा आहे. बनावट प्रमाणपत्रांच्या बातम्या आपण वाचतो आणि मन कडू होतं. पण त्यावर उपायही कायद्यातच आहे. दिव्यांगांच्या सवलती फसवून मिळवणाऱ्याला कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तपासणी वैद्यकीय मंडळाने करायची, कार्ड कंडक्टरने आणि टीसीने पाहायचं. ते काम प्रवाशाच्या नजरेचं नाही. लबाडाची लाज खऱ्या गरजवंताकडून वसूल करणं हा न्याय होत नाही. लंडनच्या वाहतूक व्यवस्थेने २०१७ पासून ‘मला कृपया बसायला जागा द्या’ असा बिल्ला सुरू केला. तो लावणाऱ्याला आजाराचं नाव सांगावं लागत नाही. इंग्लंडमध्ये दिव्यांगांच्या पार्किंगचा परवाना ऑगस्ट २०१९ पासून न दिसणाऱ्या दिव्यांगत्वालाही अधिक स्पष्टपणे खुला झाला. आपल्याकडे असा बिल्ला नसला, तरी विश्वास ठेवायला बिल्ला लागत नाही.

म्हणून आज घराबाहेर पडताना दोन नियम सोबत घेऊ. पहिला स्वतःसाठी आणि कडक: राखीव जागेत, रॅम्पच्या तोंडाशी, दिव्यांग डब्यात आपण एक मिनिटही जाणार नाही. दुसरा इतरांसाठी आणि उदार: तिथे बसलेल्या माणसाकडून आपण पुरावा मागणार नाही. वृद्धाला जागा हवी असेल तर राखीव बाकावरच्या मुलाला उठवण्याआधी आपण स्वतः उठू. बसमध्ये चाळीस-पन्नास बाकं असतात आणि उठू शकणारी माणसं त्यातल्या बहुतेकांवर बसलेली असतात. एकाने उठायला सुरुवात केली की त्या मुलाला आपलं दुखणं सांगण्याची गरजच उरणार नाही, आणि म्हातारं माणूसही उभं राहणार नाही.