वैद्याची योग्यता आणि राजाची अनुज्ञा

रोग्यावर उपचार करण्याचा अधिकार विद्येतून मिळतो की राज्यसंस्थेच्या परवानगीतून, हा वैद्यकीय नोंदणीच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. सुश्रुतसंहितेच्या मते दोन्ही हवेत. शास्त्र शिकावे, त्याचा अर्थ समजून घ्यावा, शस्त्रकर्म डोळ्यांनी पाहावे, हाताला सराव द्यावा आणि मग राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायात पडावे, असे सूत्रस्थानात सांगितले आहे. सराव कशावर करायचा, हेही ठरलेले आहे: कापण्याचा कोहळा, दुधी, काकडी यांच्यावर, तर खरवडण्याचा केसाळ कातड्यावर. कुवैद्य लोकांचे प्राण घेतो तो राजाच्या दोषामुळे, असा ठपकाही सुश्रुत ठेवतो. त्यामुळे येथे अनुज्ञा हा राजाचा मान नाही, त्याच्या डोक्यावरची जबाबदारी आहे.

युरोपातील उदारमतवाद्यांना हे इतक्या सहज पटणारे नव्हते. ब्रिटनमध्ये १८५८ च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली; पण नोंद नसलेल्यांना उपचार करायला तिने बंदी केली नाही, नोंद असल्याची बतावणी तेवढी गुन्हा ठरवली. पुढच्याच वर्षी जॉन स्टुअर्ट मिलने ‘ऑन लिबर्टी’त अशीच भूमिका मांडली: प्रमाणपत्रे जरूर द्यावीत, पण त्यांचे वजन किती हे लोकांनी ठरवावे. परवान्यामुळे डॉक्टरांची संख्या आखडते आणि धंद्याची मक्तेदारी होते, हा मिल्टन फ्रीडमन यांचा १९६२ मधील आक्षेप याच वळणाचा.

युक्तिवाद चोख आहे, पण तो धडधाकट माणसाचा आहे. जुलाबाने मान टाकलेल्या पोराला घेऊन रात्री दवाखान्याचे दार ठोठावणारी आई पाटीवरच्या पदव्या ताडून पाहत नाही. निवड चुकली तर दुसरी संधीही नसते.

म्हणून बंदी समर्थनीय ठरते. मात्र रेष कोठे ओढायची, हे त्यातून ठरत नाही. महाराष्ट्रात आयुर्वेद व युनानीसाठी १९६१ चा, तर आधुनिक वैद्यकासाठी १९६५ चा कायदा आहे. होमिओपॅथीची नोंद असलेल्याने अ‍ॅलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मुंबईतील एका प्रकरणात ठरवले. २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना ती वाट मोकळी करून दिली. निकष आभाळातून पडत नाहीत. डॉक्टरांची टंचाई, संघटनांचा जोर आणि न्यायालये यांच्या ओढाताणीत ते घडतात. रेष वर नेली की रोगी सुरक्षित होतो आणि दुर्गम पाड्याला डॉक्टरच मिळत नाही, ही अडचणही खरीच.

चरकाने वैद्याचे चार गुण सांगितले आहेत: शास्त्राचे स्वच्छ ज्ञान, भरपूर प्रत्यक्ष अनुभव, दक्षता आणि शौच. पहिला परीक्षेत कळतो, दुसरा आंतरवासितेत थोडाफार, तिसरा हाताखाली काम करताना. शौचात मनाची, व्यवहाराची शुद्धी येते आणि तिचा पेपर काढता येत नाही. ती नसल्याचे कळते ते रोगी फसल्यावर. तेव्हा नोंदवही ठेवणाऱ्या वैद्यकीय परिषदेच्या हाती एकच साधन उरते: नाव काढून टाकणे. ते वापरण्याची टाळाटाळ करून तक्रारी वर्षानुवर्षे बासनात ठेवणाऱ्या परिषदेला बोगस डॉक्टरांविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार नाही.