फेणे तसाच, पुणं काळवंडलेलं

फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यात शिकायला आला आणि भा. रा. भागवतांच्या वीसेक पुस्तकांतून सायकल दामटत राहिला. हडकुळी अंगकाठी, चौकड्यांचा शर्ट, आणि डोक्यात काही चमकलं की तोंडातून ‘ट्टॉक्’. १९८७ साली तो दूरदर्शनवर आला, सुमीत राघवनच्या रूपात. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या कित्येकांना हा फेणे पुस्तकाआधी पडद्यावरच भेटला. चोरभामटे त्या जगातही होते, पण ते पकडले जाण्यासाठीच असायचे.

तीस वर्षांनी, २७ ऑक्टोबर २०१७ ला, तोच फेणे अमेय वाघच्या अंगाने थिएटरात आला. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला फेणे, परीक्षेच्या वेळी ओळख झालेला एक मुलगा, आणि मग त्या मुलाच्या ‘आत्महत्येची’ बातमी. गिरीश कुलकर्णींचा आप्पा कुणी पेढीवरचा भुरटा चोर नव्हे. तो परीक्षाच विकत घेतो. पोरांसाठीच्या मालिकेतला नायक असा थेट प्रेतापाशी नेऊन उभा केल्यावर काही जुने वाचक कुरकुरले असतील तर नवल नाही. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. मूकपटांच्या काळातले नानासाहेब सरपोतदार आणि लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस, हे याच घराण्याचं.

फेणेचा हा चित्रपट काही भयपट नाही. पण बालपणीची लाडकी वस्तू अंधारात नेण्याचं जे वेड गेल्या काही वर्षांत जगभर पसरलं, त्याच्याशेजारी तो ठेवून पाहावा. ‘बनाना स्प्लिट्स’ हा १९६८चा अमेरिकी बालकार्यक्रम: कुत्रा, गोरिला, सिंह आणि हत्ती असे चार झगेवाले. २०१९ साली त्याचा भयपट झाला, आणि कार्यक्रम बंद होणार हे कळताच हे चौघे माणसं मारत सुटले. विनी द पूचं पहिलं पुस्तक १९२६चं. अमेरिकेतला त्याचा स्वामित्वहक्क २०२२च्या सुरुवातीला सरला आणि पुढच्याच वर्षी मधाच्या बरणीत तोंड घालणारं ते अस्वल हातोडा घेऊन पडद्यावर आलं. क्रिस्टोफर रॉबिन शिकायला निघून गेला, उपासमार झाली, मित्रांनी गाढवाला खाल्लं, अशी त्याची कैफियत. चित्रपट चिमूटभर पैशांत झाला आणि धंदा भरपूर केला. मात्र त्यातली सगळी गंमत पोस्टरवरच संपते. मुखवट्यामागे पूच्या जागी दुसरा कुणी असता तरी काय बिघडलं असतं?

ओळखीचंच अनोळखी झालं की अंगावर काटा येतो, हे फ्रॉइडने १९१९ सालीच लिहून ठेवलं होतं. त्याच्या विवेचनातही एक बाहुली आहेच. काटा येण्यासाठी आधी ओळख शाबूत लागते, एवढं या हातोडेवाल्यांनी ध्यानात घेतलं नाही.

मराठीत ते ध्यानात घेणारा माणूस होता रामदास पाध्ये. वडील यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव हा बोलका बाहुला त्यांच्याकडे वारशाने आला. शब्दभ्रम ही कला घराघरांत नेली ती त्यांनीच, आणि लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो खिदळणारा ससाही त्यांचाच. ही कला जवळून पाहिली तर तीतच थोडी भुताटकी आहे. कलाकाराचे ओठ हलायचे नाहीत. म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठ मिटल्याशिवाय न निघणारी अक्षरं जिभेने, दातांच्या आडून कशीबशी काढायची. ‘बाबा’, ‘मामा’, ‘पप्पा’: तान्हं मूल जे शब्द सगळ्यांत आधी शिकतं, तेच बाहुलीला सगळ्यांत अवघड. प्रेक्षकाला हे कळत नाही. त्याला दिसतो फक्त वरखाली होणारा लाकडी जबडा, आणि आवाज तिथूनच येतोय याची त्याला खात्री असते.

१९९३ साली महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’साठी याच पाध्येंनी तात्या विंचू घडवला. मूळ कल्पना उघडच १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ची: गुन्हेगार मरता मरता बाहुल्यात शिरतो. पण मराठीत त्या बाहुल्यासमोर लक्ष्मीकांत बेर्डे उभा होता, आणि माणूस तात्याही दिलीप प्रभावळकर, बाहुल्याचा आवाजही प्रभावळकरांचाच. दूरदर्शनवरचा भाबडा चिमणराव आणि मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या नाटकातली चेटकीण ज्याने केली, त्याच नटाचा हा तिसरा अवतार. पोरं घाबरली, उशीखाली तोंड खुपसून झोपली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तात्याचीच नक्कल करू लागली. परदेशात लाडक्या बाहुल्यांना राक्षस केलं गेलं. इथे राक्षसच लाडका झाला. २०१३ साली तो थ्रीडीत परतला, तेव्हा जुने घाबरलेले आपापली पोरं घेऊन गेले.

सरपोतदारांची पुढची वाटही याच गल्लीतून जाते. २०२२ला ‘झोंबिवली’, २०२४च्या जूनमध्ये हिंदी ‘मुंज्या’. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, असा मुलगा मुंज्या होऊन पिंपळावर राहतो, ही समजूत कोकणातली खरी. पण पेठांतल्या जुन्या पुणेकराला मुंजाबाची ओळख करून द्यावी लागत नाही. चित्रपटाचा नायक पुण्यातच राहतो, आईच्या पार्लरमध्ये हातभार लावतो. भूत लहान पोराचं, हट्टही पोराचाच: लग्न लावून द्या. धंदा शंभर कोटींच्या पुढे गेला, आणि थिएटरात हशा आणि किंकाळी यांतलं अंतर फारसं उरलं नव्हतं.

फेणेच्या वेळी मात्र सरपोतदारांनी याहून अवघड काम केलं होतं. फेणेला हात लावला नाही. तो तसाच आगाऊ, तसाच तुरुतुरु, ‘ट्टॉक्’ही तसंच. बदललं ते पुणं: क्लासचे फलक, परीक्षेचा बाजार, पोराच्या गुणांवर गहाण पडलेली घरं. पू बिघडवला पण त्याचं रान तसंच राहिलं. इथे रान बिघडलेलं दाखवलं आणि पोरगा शाबूत ठेवला. फेणे ज्यांच्याकडे उतरतो ते म्हातारे गृहस्थ भा. रा. भागवत नावाचेच, आणि तेही पुन्हा प्रभावळकर. लेखकच घरात बसलेला असताना त्याच्या पोराशी वाकडं वागणार कोण?

कायद्याने म्हणाल, तर भागवत २००१ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, या भारतीय हिशोबाने फेणे २०६१च्या अखेरपर्यंत सुरक्षित आहे. चिमणरावाचे जनक चिं. वि. जोशी १९६३ साली गेले; त्यामुळे चिमणराव १ जानेवारी २०२४ पासून मोकळे आहेत, गुंड्याभाऊंसकट. अजून तरी त्यांच्या हातात कुणी कोयता दिलेला ऐकिवात नाही.