अडीच मिलिग्रॅमचा त्याग

गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन विचारतो की संन्यास आणि त्याग यांतलं तत्त्व मला वेगवेगळं सांग. वाईत आमच्या घरी दर गुरुवारी गीतेचा वर्ग भरतो, आणि तिथे हा अध्याय मी पुष्कळदा शिकवला आहे. शाळेत संस्कृत शिकवण्यात नोकरी गेली, त्यामुळे अन्वय लावून देणं मला कधी अवघड गेलं नाही. पण कृष्णाने त्यागाचे जे तीन प्रकार सांगितले, त्यांचा अर्थ अंगी लागला तो प्रेडनिसोलोनची गोळी कमी करत आणायची वेळ आली तेव्हा. त्या अनुभवातून एका प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं स्पष्ट झालं आहे. जे शरीराला धरून बसलं आहे ते सोडायचं कसं, आणि सोडता येईपर्यंत घेत राहणं हा मनाचा दुबळेपणा मानायचा का?

साठी उलटल्यावर मला पॉलिमायल्जिया र्‍हुमॅटिका झाला. सकाळी खांदे आणि मांड्या अशा आखडून यायच्या की वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जात नसे. अंथरुणात कूस बदलायची तरी यांना हाक मारावी लागे. रक्तात ईएसआर आणि सीआरपी दोन्ही वाढलेले आले. डॉक्टरांनी रोज 15 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू केलं आणि आठवड्याच्या आत मी फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा स्वतः काढला. या औषधाचा पहिला अनुभवही असाच होता. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये 1948 च्या सप्टेंबरात फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली, आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना 1950 मध्ये नोबेल मिळालं. या गुणाची किंमत काय, हेही त्याच काळात वैद्यांना दिसू लागलं होतं.

ती किंमत मलाही चुकली नाही. चेहरा गोल झाला. मंडईत जुन्या विद्यार्थिनी भेटल्या की कौतुकाने म्हणत, "बाई, तब्येत छान सुधारली हो!" साखर वाढली, रात्रीची झोप उडाली, हाताला जरा कुठे लागलं की काळंनिळं होई. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू झालं. आजार आटोक्यात आल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता डोस उतरवत आणू. पण बाई, एकदम बंद करायची नाही. एक दिवससुद्धा मनाने चुकवायची नाही."

असं का, ते त्यांनी समजावून सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल तयार करतात, साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं. रक्तदाब टिकतो, ताप किंवा इजा सोसता येते, सकाळी उठायची उभारी येते, ती त्याच्या जोरावर. गोळीतून त्याहून जास्त मात्रा आठवडेच्या आठवडे येत राहिली की मेंदूतला हायपोथॅलॅमस आणि त्याखालची पीयूषिका ग्रंथी अधिवृक्कांना काम सांगायचं थांबवतात. काम नसलं की त्या ग्रंथी आक्रसतात. त्यांना पुन्हा जागं व्हायला महिने लागतात, कुणाला वर्ष, कुणाला त्याहूनही जास्त. तोवर गोळी अचानक थांबली, तर शरीराजवळ स्वतःचंही नसतं आणि बाहेरचंही नसतं. उलट्या सुरू होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो.

आता कृष्णाचे तीन त्याग पाहा. नियत कर्म मोहापोटी टाकून देणं हा तामस त्याग. शरीराला क्लेश होतील या भयाने टाकणं हा राजस, आणि त्याला त्यागाचं फळ मिळत नाही. करायचं ते कर्तव्य म्हणून करत राहायचं, त्यातली आसक्ती आणि फळाची ओढ तेवढी सोडायची, हा सात्त्विक. वर्गात यावर चर्चा होई तेव्हा आम्ही यज्ञ, दान, तप यांचीच उदाहरणं घेत असू. मी आज गोळीचं घेते. आमच्या वर्गातल्या एक बाई दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होत्या. सगळी रासायनिक औषधं विष आहेत असं कुठल्याशा शिबिरात ऐकून आल्या आणि घरी येताच पाकीट कचऱ्यात टाकलं. आठवडा संपायच्या आत त्यांना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. त्यांच्या निर्धाराचं आधी ज्यांनी कौतुक केलं होतं, त्यांनी त्याला वैराग्य म्हटलं होतं. गीतेच्या मोजमापाने तो मोह होता. चेहरा सुजतो, वजन वाढतं, म्हणून घाबरून गोळी टाकणारेही पुष्कळ भेटतात, त्यांचा त्याग राजस. आणि रोज सकाळी न्याहारीनंतर ठरलेली मात्रा घ्यायची, ती वाढावी अशी हाव नाही, आजच सुटावी असा हट्ट नाही, हा सात्त्विक त्याग. गोळी हातात असतानाही त्याग चालू असू शकतो, हे मला इथे कळलं.

सहाव्या अध्यायात मन आवरण्याची रीत सांगताना कृष्ण हळूहळू मागे यायला सांगतो, धीर धरलेल्या बुद्धीच्या साहाय्याने. माझा डोस तसाच उतरला. 15 वरून साडेबारा, मग 10, आणि त्याखाली महिन्याला जेमतेम एक मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅमची गोळी इथल्या दुकानात मिळाली नाही, म्हणून पाचची आणि अडीचची मिळून हिशेब बसवला. एक दिवस पाच, दुसऱ्या दिवशी अडीच, असे आकडे कालनिर्णयावर एकादशी आणि चतुर्थीच्या शेजारी लिहिलेले असत. आषाढीला निर्जळी उपवास मी वर्षानुवर्षं केला होता. तो थांबवला, कारण गोळी पोटात काही गेल्यावरच घ्यायची. वारकरी घरातून आलेल्या मला त्याचं वाईट वाटलं, पण व्रताचं पुण्य वाढावं म्हणून शरीराशी लबाडी करण्यात धर्म नाही.

खरी कसोटी पाचच्या आसपास लागली. तिथून खाली शरीराला स्वतःचं कॉर्टिसॉल करायचं असतं आणि त्याची तयारी झालेली नसते. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येई. भूक गेली. गणपतीच्या घाटापर्यंतचं नेहमीचं चालणं निम्म्यात सोडावं लागे. खांदे पुन्हा दुखू लागले, आणि इथे मोठा पेच असतो. मूळ आजार उलटला तरी खांदे दुखतात, आणि डोस कमी झाल्याने शरीर कुरकुरतं तेव्हाही तेच खांदे दुखतात. रोग्याला आतून फरक कळत नाही. सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो ते पाहायचं, सीआरपी पुन्हा तपासायचा, आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढं थांबायचं. दुखण्याला लगेच नाव न देता त्याच्याजवळ बसून राहणं फार कठीण असतं, आणि ते मी या आजारात शिकले.

दुखण्यापेक्षा मला जास्त हादरवलं ते मनाने. दुपार कलली की कारण नसताना रडू येई. मोठ्या डोसवर असताना हीच मी पहाटे तीनला उठून कपाटं आवरत होते, कुणाचं काही लागलं की फाडकन बोलत होते. मग यातली खरी मी कोणती? आयुष्यभर स्थितप्रज्ञाची लक्षणं शिकवली, आणि एका गोळीच्या तुकड्याने प्रज्ञा जागेवरून हलते, तर त्या शिकवण्याला अर्थ काय? येणारेजाणारे प्रेमाने सांगत, "मन खंबीर ठेवा, नाम घ्या." नाम मी घेतच होते.

या प्रश्नावर मला आधार मिळाला तो छांदोग्य उपनिषदातल्या उद्दालक आणि श्वेतकेतूच्या गोष्टीचा. मन अन्नाचं बनलेलं आहे, हे मुलाला पटावं म्हणून उद्दालक त्याला पंधरा दिवस उपाशी राहायला सांगतो. पाणी मात्र पी, कारण प्राण पाण्यावर टिकतो. सोळाव्या दिवशी वेद म्हण म्हटल्यावर श्वेतकेतूला एक ऋचाही आठवत नाही. बाप त्याला रागावत नाही, जेवून ये म्हणतो. जेवल्यावर सगळं आठवतं. मोठ्या आगीतला काजव्याएवढा निखारा उरावा, त्यावर गवत घालून तो फुलवावा, तसं हे झालं, असं उद्दालक समजावतो.

ही गोष्ट मी मुलांना परीक्षेपुरती सांगत आले होते. आजारात ती माझ्यासाठी उपदेश झाली. वेद विसरला म्हणून श्वेतकेतूची विद्या खोटी ठरली नाही, आणि दुपारी रडू येतं म्हणून माझी श्रद्धा खोटी ठरत नाही. मन हे द्रव्यावर चालतं, ते कमी पडलं की मन खचतं. सांख्यांनी मनबुद्धीला प्रकृतीत घातलं आहे आणि पाहणाऱ्याला वेगळं ठेवलं आहे, ते याचसाठी असावं. खिन्नता आली की मी स्वतःला सांगत असे, ही येते आहे आणि मी तिला येताना पाहते आहे. तिच्या सांगण्यावरून आयुष्याचा निवाडा करायचा नाही. याने दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. त्याचा दोष माझ्या माथी यायचा थांबला. नामाने कॉर्टिसॉल तयार होत नाही, पण ते तयार होईपर्यंत नाम सोबत करतं. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत.

पुढे सकाळी आठच्या रक्तात कॉर्टिसॉल तपासलं. पुरेसं नव्हतं, पण होतं. उद्दालकाचा निखारा मी त्या कागदावर पाहिला.

मध्येच फ्लूचा ताप आला आणि डॉक्टरांनी थोडे दिवस डोस दुप्पट केला. तापात निरोगी शरीर स्वतःच जास्त कॉर्टिसॉल करतं, माझ्या ग्रंथींना ते अजून झेपणारं नव्हतं. शेजारच्या वहिनी हळहळल्या, "परत वाढवलीत? मग इतके महिने केलं ते फुकटच गेलं की!" अर्जुनाची शंका हीच होती. योगाच्या वाटेवर असताना मध्येच ढळलेला माणूस दोन्हीकडून नाश पावतो का? कृष्ण सांगतो की कल्याण करणाऱ्याची दुर्गती होत नाही, तो मागची कमाई घेऊन पुढे निघतो. ताप उतरल्यावर मी होते त्याच आकड्यावर परत आले आणि तिथून खाली उतरू लागले.

वर्गातल्या एका तरुणाने विचारलं, "पण बाई, विनोबांनी तर औषधही सोडलं होतं." नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध दोन्ही थांबवून देह ठेवला, हे खरं. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात ज्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, त्यांच्या त्या निर्णयापुढे मी हात जोडते. पण त्यांनी जीवनकार्य पुरं झाल्यावर देहच ठेवायचा ठरवला होता. आपल्याला देहात राहून कामं करायची आहेत. देह सोडण्याचं व्रत आणि देह सावरण्याचा उपचार यांची गल्लत केली, तर दोन्हींचा अपमान होतो.

अवलंबून असण्याची लाजही अशाच गल्लतीतून येते. गोळी सुरू व्हायच्या आधी मी कुणावरही अवलंबून नाही, असं मला वाटे. मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन लहानशा ग्रंथी रोज पहाटे माझ्यासाठी काही करत होत्या, म्हणून मी उठत होते. त्या माझ्या आज्ञेत नव्हत्या, मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. अवलंबन पहिल्यापासून होतं, गोळीने ते दाखवून दिलं. काहींच्या ग्रंथी कधीच पुरत्या जाग्या होत नाहीत आणि त्यांना ही मात्रा जन्मभर घ्यावी लागते. त्यांचं आध्यात्मिक मोल कणभरही कमी नाही. माझं सगळं माझ्या बळावर चाललं आहे हा अहंकार सुटला, तर गोळी सुटो की न सुटो, त्याग झाला.

आज मी एक दिवसाआड अडीच मिलिग्रॅमवर आहे. ज्यांच्या घरी कुणी दीर्घकाळ स्टिरॉइड घेत आहे, त्यांना मी कळकळीने सांगते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका, कुणाच्याही उपदेशावरून नाही आणि परगावी गोळ्या संपल्या म्हणूनही नाही. स्टिरॉइड चालू असल्याची चिठ्ठी जवळ बाळगा. शस्त्रक्रिया ठरली किंवा दात काढायचा असला, तर गोळी बंद होऊन महिने झाले असले तरी डॉक्टरांना सांगा. ताप आला, उलट्या होऊन गोळी पोटात टिकेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरच्यांनी त्या माणसाला आळशी किंवा रडवं म्हणू नये. आणि धर्माचं शिकवणाऱ्यांनी औषध टाकण्याला वैराग्य म्हणणं थांबवावं. गीतेने ज्याला सात्त्विक त्याग म्हटलं, तो ठरल्या वेळी ठरली मात्रा घेत, धीराने उतरत जाणाऱ्याचा त्याग आहे.