ताटी कोणी उघडायची?

वारकरी सज्जनहो, एक प्रश्न आमच्या मनात बरेच दिवस घोळतो आहे. मनाला जुना घाव बसलेल्या भाविकाने तो बरा करून घेण्यासाठी दुसऱ्या माणसापुढे बसावे काय? विठ्ठल पाठीशी उभा असता मनाच्या डॉक्टरकडे जाणे ही भक्तीतली उणीव नव्हे काय?

प्रश्न निघाला तो असा. आमच्या दिंडीत धुळ्याकडचा एक माळकरी गडी होता. टाळ उत्तम वाजवी, फुगडीत सर्वांच्या पुढे. पण वाटेत विहीर लागली की बाजूने जाई, आणि मुक्कामाला मध्यरात्री ओरडून उठे. लहानपणी त्याचा धाकटा भाऊ विहिरीत बुडाला होता. ते त्याने एकदा आम्हांस सांगू पाहिले. आम्ही काय केले? अर्धे ऐकले आणि म्हणालो, "झाले ते झाले. नाम घे, विसरून जा." पुढच्या वर्षी तो दिंडीत आलाच नाही.

दोन वर्षांनी आला तेव्हा चेहरा निवळलेला होता. पुतण्याने त्याला धुळ्यात एका समुपदेशकाकडे नेले होते. आम्ही विचारले, "आमच्या नामात काय कमी होते रे बाबा?" तो म्हणाला, "नामात काही कमी नव्हतं महाराज. मन्हं कोनी आयकंच नव्हतं." आम्ही खाली पाहिले.

तिथे झाले तरी काय? दर आठवड्यास एकदा, पाऊण तास, दार लावून दोघेच. पहिले काही आठवडे विहिरीचे नावही निघाले नाही. झोप कशी, श्वास कसा, एवढेच. मग थोडे थोडे सांगणे. छाती धडधडू लागली की थांबायचे, पाय जमिनीवर आहेत हे पाहायचे, श्वास सावकाश सोडायचा आणि मगच पुढे जायचे. जुना आघात मनात गोष्टीसारखा राहत नाही, तो आत्ताच घडतो आहे अशा रूपाने उसळतो. सुरक्षित जागी, हळूहळू बोलता बोलता त्याची गोष्ट होते, आणि गोष्ट झाली की ती मागे पडते. "मी उशिरा पोचलो म्हणून भाऊ गेला" हे वाक्य हा गडी वर्षानुवर्षे उराशी धरून होता. ते दोघांनी मिळून तपासले. तेव्हा तो स्वतःच चौदा वर्षांचा पोर होता! भावाचे दुःख राहिले, अपराधाचे ओझे उतरले.

आता कोणी म्हणेल, मागचे उकरून काय लाभ? पायात बोरीचा काटा मोडला आणि वरून कातडी धरली, तर काटा गेला असे होते काय? आत पू धरतो. सुई लागतेच, पण ती हलक्या हाताची लागते. दुसऱ्याच्या मनात बळेच सुई खुपसणे हाही अपराधच.

आणि हे आपल्या संप्रदायाला परके आहे काय? ताटीच्या अभंगांचा प्रसंग आठवा. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर महाराज झोपडीची ताटी लावून आत बसले. त्यांच्या दाराशी कोण गेले? धाकटी बहीण मुक्ताबाई. तिने ताटी मोडली नाही. बाहेर उभी राहून बोलत राहिली. ताटी उघडली ती आतल्याने. शिवाय आईबाप गमावल्याचा घाव तिलाही तोच होता. जिला दुःख ठाऊक, तिलाच दाराशी कसे उभे राहावे ते कळले. तीच मुक्ताई परंपरेप्रमाणे शके 1219 मध्ये आमच्या खानदेशात, तापीतीरी गुप्त झाली. तिच्या मुलखातल्या वारकऱ्यांनी हा धडा विसरावा हे बरे नव्हे.

पूर्वी आमच्या बायाबापड्यांना जाते होते. दोघी समोरासमोर बसत, दळण संपेपर्यंत मन मोकळे होई. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (1880–1951) तरुणपणी वैधव्य आले. त्यांचीही गाणी घरकामात आणि शेतात उमलली. आता पीठ गिरणीतून येते. जाते गेले, आणि समोर बसणारीही गेली.

आणखी एक आठवण सांगताना हात थबकतो. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली. 1947 साली पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडावे म्हणून त्यांनी उपोषण केले. इतरांसाठी दार उघडणाऱ्या त्या पुरुषाने 11 जून 1950 रोजी आपला देह आपणच संपविला. कारणे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु ज्याच्या ठायी भक्ती, ज्ञान आणि सेवा तिन्ही आहेत, त्याच्याही आत एक ताटी लागलेली असू शकते, एवढे आपण शिकावे.

म्हणून आमचे मत असे. भजन सर्वांचे मिळून असते, घाव ज्याचा त्याचा असतो. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे नाही. मात्र अंगात आले म्हणून पैसे उकळणाऱ्या भगताकडे जाऊ नये. धुळे आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. शासनाची 'टेलि-मानस' सेवा 2022 पासून आहे. 14416 या क्रमांकावर फुकट बोलता येते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही दिला आहे. घाव करणाऱ्याला क्षमा केलीच पाहिजे, अशी सक्तीही कोणी करू नये. क्षमा आतून उघडते.

आणि आपण, जे वैद्य नाही, त्यांनी काय करावे? मुक्कामावर हरिपाठ झाल्यावर कोणी जवळ येऊन बसला, तर उपदेशाची घाई करू नये. त्याचे पुरते ऐकावे, आणि ऐकलेले चार जणांत सांगू नये. दुखणे आपल्या आवाक्याबाहेरचे दिसले तर त्याला डॉक्टरकडे पाठवावे, शक्य तर सोबत जावे. त्या गड्याला आम्ही जे दिले नाही ते पुढच्याला द्यावे, एवढीच यंदाच्या वारीला पांडुरंगापाशी मागणी.

राम कृष्ण हरी.