शर्यत थांबवण्याचा अधिकार

मोटारसायकलच्या शर्यतीत वेग कसा वाढवावा याचा विचार शंभराहून अधिक वर्षे अखंड होत आला आहे. चालू शर्यत कोणी, केव्हा आणि कोणत्या निकषावर थांबवावी हा विचार मात्र त्या मानाने फार उशिरा आकाराला आला आणि तोही बहुतेक वेळा एखाद्या मृत्यूनंतरच एक पाऊल पुढे सरकला. आज ज्याला आपण सुरक्षेचा निर्णय म्हणतो, तो आरंभी स्पर्धकाच्या वैयक्तिक धैर्याचा किंवा भीतीचा भाग मानला जात असे, पुढे तो स्पर्धकांच्या सामूहिक नकाराचा विषय झाला आणि अखेरीस नियमांनी बांधलेल्या, निकालाशी हितसंबंध नसलेल्या एका पदाचे ते कर्तव्य ठरले. या प्रवासात बदलले ते केवळ अधिकाराचे ठिकाण नाही, तर पुराव्याचे ओझेही एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले.

छत्रपती संभाजीनगरमध्ये या प्रश्नाला वेगळे महत्त्व आहे. शहराला लागून असलेल्या वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून चालू आहे, आणि त्याच औद्योगिक परिसरात मुख्यालय असलेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी दुचाकींसाठी ब्रेक, सस्पेन्शन आणि क्लच बनवते. ज्या बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियातील केटीएम कंपनीत भागीदारी घेतली, त्या केटीएमच्या मोटारसायकली पुढे जागतिक शर्यतीच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे मोटोजीपीमध्ये, उतरल्या. वेगवान यंत्र घडवणाऱ्या आणि त्याला रोखणारा ब्रेकही घडवणाऱ्या या शहरात यंत्र कसे थांबते हे हजारो कामगारांना ठाऊक आहे. शर्यत कशी थांबवावी हा प्रश्न मात्र यंत्राचा नसून व्यवस्थेचा आहे आणि त्याचे उत्तर कारखान्यात सापडत नाही.

आरंभीच्या शर्यती सार्वजनिक रस्त्यांवर होत. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर १९०७ मध्ये सुरू झालेली टीटी ही शर्यत १९११ पासून डोंगरातून जाणाऱ्या मार्गावर होऊ लागली. या मार्गाची आजची एक फेरी सुमारे ६० किलोमीटरची असून ती भिंती, घरे आणि झाडे यांच्या मधून जाते. इतक्या लांबीच्या मार्गावर एका टोकाला धुके आणि पाऊस तर दुसऱ्या टोकाला ऊन असे सहज घडते, त्यामुळे एकाच वेळी सर्व स्पर्धकांना थांबवणे त्या काळच्या साधनांनी जवळजवळ अशक्य होते, आणि जे अशक्य होते ते अनावश्यकही मानण्याची सवय आपोआप लागली. धोका पत्करणारा सज्ञान माणूस आपल्या जबाबदारीवर आला आहे, त्याला भीती वाटली तर तो स्वतः वेग कमी करील किंवा बाजूला होईल, अशी त्यामागची धारणा होती. चारचाकींच्या जगातही वेगळे चित्र नव्हते. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथे एक मोटार प्रेक्षकांमध्ये घुसून ८० हून अधिक माणसे मरण पावली, तरीही शर्यत पूर्ण करण्यात आली; प्रेक्षक एकाच वेळी बाहेर पडले तर रुग्णवाहिकांचे रस्ते अडतील, हे त्याचे समर्थन होते. हे समर्थन सर्वस्वी खोटे म्हणता येत नाही, पण शर्यत चालू ठेवण्यासाठी कारण शोधावे लागावे, इतकी ती चालू राहणे हीच सहजावस्था मानली जात होती, हे त्यातून स्पष्ट दिसते.

या सहजावस्थेला पहिला मोठा छेद स्पर्धकांनीच दिला. १९७२ मध्ये टीटीच्या १२५ सीसी शर्यतीत ओल्या रस्त्यावर इटलीचा जिल्बेर्तो पार्लोत्ती मरण पावला आणि त्या काळचा सर्वांत यशस्वी स्पर्धक जाकोमो अगोस्तिनी याने पुन्हा तेथे न उतरण्याचा निर्णय घेतला. इतरांनीही पाठ फिरवल्यावर १९७६ नंतर टीटीचा जागतिक अजिंक्यपद मालिकेतील दर्जा संपला. २० मे १९७३ रोजी मोंझा येथील २५० सीसी शर्यतीच्या पहिल्याच फेरीत रेन्झो पासोलिनी आणि यार्नो सारिनेन यांचा अंत झाला. आधीच्या शर्यतीत ट्रॅकवर तेल सांडले होते असे काहींचे म्हणणे होते, तर पासोलिनीच्या मोटारसायकलचे इंजिन अडकले असे इतरांचे; कारणाबद्दल मतभेद राहिले, पण ट्रॅक सुरक्षित आहे याची खात्री शर्यतीपूर्वी कोणी करून घ्यायची, हा प्रश्न त्यानंतर टाळता येईना. १९७४ मध्ये न्यूरबर्गरिंग आणि १९७९ मध्ये स्पा येथे आघाडीच्या स्पर्धकांनी शर्यतीत भाग घेण्याचे नाकारले.

या नकाराचे नैतिक मोल मोठे होते, तरी त्याची मर्यादाही लवकरच उघड झाली. १९८९ मध्ये इटलीतील मिसानो येथे पावसामुळे थांबवलेली ५०० सीसी शर्यत पुन्हा सुरू करताना आघाडीच्या स्पर्धकांनी उतरण्यास नकार दिला, परंतु पिएरफ्रांचेस्को किली उतरला आणि जिंकला. त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु गुण, करार आणि प्रायोजक यांच्यावर ज्याचे पुढचे वर्ष अवलंबून आहे, अशा माणसाला सुरक्षा आणि उपजीविका यांतून एकाची निवड करायला लावणारी व्यवस्थाच मुळात सदोष असते. नकाराचा अधिकार व्यक्तीकडे राहिला तर जो नकार देतो त्याचे नुकसान होते आणि जो देत नाही त्याला लाभ मिळतो. म्हणून थांबण्याचा निर्णय स्पर्धकाच्या विवेकावर सोडून भागणार नाही, तो स्पर्धेबाहेरच्या कोणीतरी घेतला पाहिजे, या निष्कर्षापर्यंत येणे भाग होते.

आजच्या रचनेत हा निर्णय शर्यत संचालनाकडे असतो. शर्यत संचालन म्हणजे संयोजक, आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघ आणि संघांची संघटना यांच्या प्रतिनिधींचा, पडद्यांवर संपूर्ण ट्रॅक पाहणारा गट. ट्रॅकच्या प्रत्येक टप्प्यावर मार्शल, म्हणजे प्रशिक्षित स्वयंसेवक, उभे असतात आणि संदेश झेंड्यांनी व दिव्यांनी दिले जातात. पिवळा झेंडा पुढे धोका असल्याचे सांगतो आणि तेथे कोणाला मागे टाकण्यास मनाई करतो. लाल झेंडा संपूर्ण शर्यत थांबवतो. या दोन झेंड्यांमधील अंतर हाच खरा वादाचा प्रदेश आहे. पडलेला स्पर्धक ट्रॅकवर आहे, रुग्णवाहिका ट्रॅकवर न्यावी लागणार आहे, तेल सांडले आहे किंवा कठड्यापुढची हवेने फुगवलेली संरक्षक गादी फुटली आहे, अशा वेळी पिवळा झेंडा पुरेसा नसतो, कारण जखमी माणसाचा मणका हलू न देता त्याला उचलायला शांतपणा आणि वेळ लागतो, आणि पुढच्या फेरीतील मोटारसायकली त्याच जागी पुन्हा येणार असतील तर मदत करणारेही घाई करतात.

ही घाई किती घातक ठरू शकते, याची चर्चा ६ एप्रिल २००३ नंतर तीव्रपणे झाली. जपानमधील सुझुका येथे दाइजिरो कातो तिसऱ्या फेरीत कठड्यावर आदळला. शर्यत थांबवली गेली नाही, मार्शलनी त्याला तातडीने स्ट्रेचरवर घेऊन हलवले आणि दोन आठवड्यांनी त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी स्पर्धकांचे म्हणणे नियमितपणे ऐकणारा सुरक्षा आयोग स्थापन झाला आणि सुझुका मोटोजीपीच्या वेळापत्रकातून वगळले गेले. तरीही सप्टेंबर २०१० मध्ये मिसानो येथे शोया तोमिझावा याच्या जीवघेण्या अपघातानंतर लाल झेंडा दाखवला गेला नाही, आणि त्या निर्णयावर सर्वत्र टीका झाली. २३ ऑक्टोबर २०११ रोजी मलेशियातील सेपांग येथे मार्को सिमोन्चेल्लीच्या अपघातानंतर मात्र शर्यत तत्काळ थांबवली गेली आणि पुढे रद्द झाली. त्या वेळी काही प्रेक्षकांनी नाराजीने ट्रॅकवर बाटल्या फेकल्या. म्हणजे नियम बदलले, संचालकांची दृष्टी बदलली, पण पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकाला थांबलेली शर्यत अजूनही फसवणूक वाटत होती.

यानंतरचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्यात अपघात होण्याची वाट पाहणे हळूहळू कमी झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे नव्या डांबरी पृष्ठभागावर पाणी साचून राहिले, सरावात तितो राबात गंभीर जखमी झाला, आणि रविवारी स्पर्धकांशी चर्चा झाल्यानंतर एकही फेरी न होता सर्व शर्यती रद्द झाल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात प्रथमच मोटोजीपी झाली, तेव्हा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरील उष्णता आणि दमटपणा पाहून मुख्य शर्यतीच्या २४ फेऱ्या आधीच २१ वर आणण्यात आल्या. तेवढ्या अंतरानंतरही होर्हे मार्तिन उष्णतेने गळून गेला. अर्धवट थांबवणे, उशिरा सुरू करणे, अंतर कमी करणे आणि सुरूच न करणे हे आता एकाच निर्णयाचे वेगवेगळे अंश मानले जातात. पूर्वी धोका आहे हे सिद्ध झाल्याशिवाय शर्यत थांबत नसे; आता सुरक्षितता दाखवून दिल्याशिवाय ती सुरू करू नये, या दिशेने विचार आला आहे.

या विचारावरचे आक्षेप पोकळ नाहीत. थांबवलेली शर्यत पुन्हा सुरू करायची तर सर्वांना पुन्हा एकत्र सुटावे लागते, आणि सुरुवातीची काही सेकंदे हा शर्यतीतील सर्वांत धोक्याचा काळ असतो. शिवाय आघाडीवर असलेल्याने कष्टाने मिळवलेले अंतर एका झेंड्याने पुसले जाते. दुसऱ्या आक्षेपाला नियमांनी पुष्कळसे उत्तर दिले आहे: शर्यतीचे ठरावीक अंतर पार झाले असेल तर थांबण्याआधीच्या स्थितीवरून निकाल जाहीर करता येतो. निकाल आधीच ठरलेल्या सूत्राने लागणार असेल, तर थांबवण्याने कोणाचा फायदा होईल हा हिशेब संचालकाच्या मनात येण्याचे कारण उरत नाही. २०१६ पासून मोटोजीपीत स्पर्धकांना शिक्षा देण्याचे काम शर्यत संचालनाकडून काढून स्वतंत्र पंचमंडळाकडे देण्यात आले, यामागेही अधिकारांची अशीच विभागणी आहे. पहिल्या आक्षेपाला मात्र नियमाचे उत्तर नाही. तेथे अनुभवी माणसाचा विवेकच कामी येतो, आणि त्या विवेकाला आयोजकाच्या खर्चाचे दडपण असता कामा नये.

धोका पत्करण्याची संमती हा या चर्चेतील सर्वांत नाजूक मुद्दा आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर राष्ट्रीय स्पर्धेतील नवोदितांच्या शर्यतीत बंगळूरचा १३ वर्षांचा एक स्पर्धक मरण पावला. शर्यत ताबडतोब थांबवली गेली आणि त्या दिवसाचे आणि दुसऱ्या दिवसाचे उरलेले सर्व कार्यक्रम रद्द झाले. सज्ञान माणूस आपल्या जबाबदारीवर येतो ही जुनी धारणा येथे पूर्णपणे कोसळते, कारण १३ वर्षांच्या मुलाची संमती ही प्रत्यक्षात मोठ्यांनी दिलेली संमती असते. मोटोजीपीनेही २०२३ पासून किमान वय १८ केले. स्पर्धक जितका लहान, तितकी थांबवणाऱ्याची जबाबदारी मोठी, हे तत्त्व भारतातील प्रत्येक नवोदित स्पर्धेत लेखी असले पाहिजे.

महाराष्ट्रात हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. सुपरक्रॉस म्हणजे मातीचे उंचवटे रचून केलेल्या आखूड ट्रॅकवरील, उंच उड्यांची शर्यत. अशा ट्रॅकवर धुळीने दृष्टी अडते, पाणी जास्त झाले तर माती घसरडी होते, आणि उंचवट्याच्या पलीकडे पडलेला माणूस मागून येणाऱ्याला दिसतच नाही. उद्या मराठवाड्याच्या काळ्या जमिनीवर आणि इथल्या उन्हाळ्यात अशी स्पर्धा घ्यायची झाली, तर पाऊस, चिखल आणि उष्णता या तिन्ही कारणांनी थांबण्याचे निकष आधी ठरवावे लागतील. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत होऊ देणाऱ्यास व तीत भाग घेणाऱ्यास शिक्षा सांगते. बैलगाडा शर्यतींच्या बाबतीतही महाराष्ट्राने जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि अटी यांचा मार्ग स्वीकारला, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. परवानगी कोण देणार हे अशा रीतीने ठरलेले आहे. परवानगी दिलेली शर्यत मध्येच थांबवणार कोण, हेही तितक्याच ठामपणे कागदावर यायला हवे.

म्हणून जिल्हा प्रशासनाने कोणत्याही मोटारसायकल शर्यतीला संमती देण्यापूर्वी आयोजकांकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: थांबवण्याचा अंतिम अधिकार असलेल्या, आयोजकाच्या नोकरीत नसलेल्या व्यक्तीचे नाव, रुग्णवाहिका किंवा डॉक्टर जागेवर नसतील तर शर्यत आपोआप थांबेल अशी अट, आणि अपुऱ्या राहिलेल्या शर्यतीचा निकाल कसा लागेल याचे सूत्र. प्रेक्षकांनीही तिकीट घेताना हे मान्य केले पाहिजे की थांबलेली शर्यत हा त्यांच्या पैशाचा अपव्यय नाही. ज्या शर्यतीत थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे सुरुवातीलाच सांगता येत नाही, ती शर्यत सुरू होण्यास पात्र नाही.