कार्डात कोणते फोटो घालायचे

आईच्या डिजिटल फोटो फ्रेमचा पडदा १०२४ बाय ६०० पिक्सेलचा आहे. कॅमेऱ्यातला ४००० बाय ३००० चा फोटो त्यात पूर्ण बसवला की तो ८०० बाय ६०० एवढाच उरतो. पंचवीस पिक्सेलांतले चोवीस जातात. त्याचं मला काही वाटत नाही. एवढ्याशा पडद्यावर ते दिसणारच नव्हते, आणि मूळ फोटो संगणकात तसाच राहतो. फोनमधले एचईआयसी फोटो तिची फ्रेम वाचत नाही, ते जेपीईजी करून घ्यायचे. उभे फोटो आधीच फिरवून सेव्ह करायचे, कारण कॅमेरा कसा धरला होता ही फाइलमधली नोंद काही फ्रेम बघतच नाहीत. हे एका संध्याकाळचं काम. मी अडलोय तो निवडीपाशी.

अण्णांच्या शेवटच्या वर्षातले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. गाल आत गेलेले, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल. ते घालायचे नाहीत, असं मन परस्पर ठरवून बसलंय. ‘आईला त्रास होईल.’ कारण इतकं चटकन हाताशी आलं, म्हणूनच मला त्याची शंका येते. त्या वर्षी अण्णांना पेज भरवली ती आईने, रात्री कूस बदलून दिली तीही तिनेच. मी शनिवार-रविवारी पुण्याहून जाणारा. तो चेहरा तिला परका नाही. त्याच्याकडे बघवत नाही ते मला. तिच्या नावावर मी स्वतःची सोय बघतोय का? बरीचशी, हो.

सगळीच मात्र नाही. अल्बम आपण उघडला तरच उघडतो. फ्रेम विचारत नाही, दर काही सेकंदांनी पुढचा फोटो समोर आणते. आई सकाळचा चहा घेत असेल, शेजारच्या काकू बसल्या असतील, आणि मध्येच तो फोटो येईल. दुःख केव्हा काढून बघायचं हे तिच्या हातात राहायला हवं. तिची फ्रेम फोल्डर निवडू देते. म्हणजे अण्णांचा फोल्डर वेगळा ठेवून, तो कसा लावायचा एवढं तिला शिकवता येईल. लावायचा की नाही, ते तिने बघावं. पण आधी तिला विचारायचं, आणि तेही फोनवर नाही, लॅपटॉप घेऊन शेजारी बसून.

बारशाच्या फोटोचा पेच याहून अवघड आहे. दादा आणि वहिनी आता वेगळे राहतात. बाळ वहिनीच्या मांडीवर आहे, आई कुंची बांधतेय. क्रॉप केला तर आई आणि बाळ नीट मावतात, वहिनी जाते. हे करायला मला अर्धं मिनिट पुरे, आणि दादा आला की घरात अवघडलेपणही होणार नाही. पण तो मुलगा सुट्टीत आजीकडे येतो. फ्रेमसमोर बसून तो सगळे फोटो बघेल. आजीच्या घरात सगळे आहेत आणि आपली आई तेवढी कुठेच नाही, याचा अर्थ तो काय लावेल? पिक्सेल कमी करणं आणि माणूस कापणं मी एका मापाने मोजू शकत नाही. दादाची जखमही खोटी नाही, आणि त्याला न सांगता हा फोटो घालणं म्हणजे त्याच्यावर लादणंच.

म्हणून आज रात्री त्याला फोन करणार आहे. परवानगी मागायला नाही. फोटो न कापता जातोय, हे त्याने फ्रेममध्ये बघण्याआधी माझ्याकडून ऐकावं म्हणून.